स्की शर्यतीत अंगावरचे सेन्सर: ‘किती’ फोटोसेलला विचारा, ‘कुठे’ सेन्सरला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी कोलोरॅडोत एका क्लबकडून जायंट स्लालम शर्यतींत, म्हणजे उतारावर रोवलेल्या गेटांना (खांबांना) वळसे घेत उतरायच्या स्की शर्यतींत, भाग घेते. सरावाला कोच वर-खाली फोटोसेल (किरण तुटला की वेळ नोंदवणारी यंत्रे) लावून एकूण वेळ सांगतात, पण मागे पडलेला अर्धा सेकंद नेमका कुठे गेला ते कळत नाही. तुम्ही स्वतः इलेक्ट्रॉनिक्सवाले. तेव्हा नऊ अक्षांचा मोशन सेन्सर (प्रवेगमापी, वळण्याचा वेग मोजणारा जायरो आणि चुंबकीय क्षेत्र मोजणारा मॅग्नेटोमीटर, प्रत्येकी तीन अक्ष) आणि जीपीएस मॉड्यूल एकत्र करून तिच्या अंगावर लावले, तर प्रत्येक गेटची वेळ मिळेल का, ती कितपत भरवशाची असेल, आणि एवढा खटाटोप न करता मनगटावरचे स्पोर्ट्‌स वॉच चालेल का?

मी ऑस्ट्रियात टिरोलमध्ये ज्युनिअर स्कीपटूंसोबत हेच काम करतो. सकाळी उतारावर सेन्सर बांधायचे आणि दुपारी आलेख घेऊन कोचशी वाद घालायचा. आधी सरळ उत्तर देतो. गेटागेटाची वेळ मिळेल आणि ती उपयोगी पडेल, पण एकूण वेळेसाठी फोटोसेल काढून टाकू नका. अंगावरचा सेन्सर ‘किती’ या प्रश्नाला कच्चा आहे आणि ‘कुठे’ या प्रश्नाला पक्का. बरीच मंडळी नेमकी उलटी अपेक्षा ठेवतात आणि दोन महिन्यांत सेन्सरचा डबा कपाटात जातो.

कच्चा का, ते आकड्यांत बघा. अल्पाइन स्कीचा निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागात लागतो. मोजणी हजाराव्या भागापर्यंत होते, पण शेवटचा आकडा सोडून देतात, जवळच्या आकड्याला ओढत नाहीत. 2014 च्या सोची ऑलिंपिकमध्ये महिलांच्या डाउनहिल शर्यतीत स्लोव्हेनियाची तिना माझे आणि स्वित्झर्लंडची डोमिनिक गिसिन या दोघींची वेळ 1 मिनिट 41.57 सेकंद आली आणि दोघींनाही सुवर्ण मिळाले. 2018 मध्ये प्योंगचांगला सुपर-जी शर्यतीत एस्टर लेडेत्स्काने ॲना फाइटला 0.01 सेकंदाने मागे टाकले. ताशी 100 किलोमीटर वेगाने शंभराव्या भागात माणूस साधारण 28 सेंटिमीटर पुढे जातो. म्हणजे निकालाला टक्कर द्यायची तर सेन्सरला अंतिम रेषेवरची तुमची जागा वीतभर अंतराच्या आत ठाऊक हवी. साध्या जीपीएसकडे ती ताकद नाही.

शिवाय अधिकृत घड्याळ काय मोजते तेही नीट पाहायला हवे. सुरुवातीला स्कीपटूच्या नडगीसमोर एक आडवी कांडी असते, तिला स्टार्ट वाँड म्हणतात. पाय तिला ढकलतो तेव्हा घड्याळ सुरू होते. चांगला स्कीपटू दोन्ही पोल रोवून आधी छाती आणि कंबर पुढे फेकतो आणि पाय शक्य तितका मागे ठेवतो. घड्याळ सुरू होण्याआधीच शरीराचे बरेचसे वजन उताराकडे गेलेले असते. कंबरेवरचा सेन्सर म्हणेल, रन (म्हणजे एक उतरण) सुरू झाली. कांडी म्हणेल, अजून नाही. खाली फोटोसेलचा किरण शरीराचा जो भाग आधी तोडेल तिथे वेळ थांबते, मग तो बूट असो की पुढे आलेला हात. हेल्मेटवरचा जीपीएसचा अँटेना त्या क्षणी अर्धा मीटर मागे असेल तर सेकंदाला 25 मीटर वेगाला 0.02 सेकंदाचा फरक तिथेच पडला. यात सेन्सरचा दोष नाही, तो दुसरी गोष्ट मोजतोय एवढेच. म्हणून आमच्याकडे नियम असा: एकूण वेळ फोटोसेलची, आणि सेन्सरची सगळी वेळ त्या दोन टोकांच्या मध्ये बसवायची.

आता जीपीएस. साधे मॉड्यूल मोकळ्या आकाशाखाली जागा दोन-तीन मीटरच्या अंदाजाने सांगते. जायंट स्लालममध्ये वेग सेकंदाला 18 मीटर धरला तर उताराच्या दिशेने दोन मीटरची चूक म्हणजे 0.11 सेकंद. तुमच्या मुलीचा अर्धा सेकंद आठ-दहा गेटांत विखुरलेला असेल, तर हा गोंगाट त्याला सहज गिळून टाकतो. दिलासा एवढाच की जीपीएसची चूक झटकन बदलत नाही. एका मिनिटाच्या रनमध्ये पहिल्या आणि पाचव्या गेटला चूक जवळपास सारखीच असते, त्यामुळे दोन गेटांमधली वेळ काढताना तिचा मोठा भाग वजा होतो. आणि वेग जागेपेक्षा कितीतरी चांगला मिळतो, कारण तो उपग्रहाच्या लहरींच्या डॉप्लर बदलावरून, म्हणजे गतीमुळे वारंवारतेत पडणाऱ्या फरकावरून, काढलेला असतो. साध्या मॉड्यूलमधूनही वेगाचा आलेख वाचण्यासारखा येतो. पैसे घालायचे नसतील तर जागा विसरा, वेग वापरा.

एक सेटिंग मात्र नक्की बदला. यू-ब्लॉक्स कंपनीच्या जीपीएस मॉड्यूलमध्ये ‘डायनॅमिक मॉडेल’ नावाचा पर्याय असतो: माणूस चालतोय, गाडी धावतेय, विमान उडतेय, असे. मॉड्यूल त्या समजुतीवर वाट गुळगुळीत करते. पादचारी किंवा मोटारीच्या सेटिंगवर ठेवले तर ते स्कीच्या टर्नवर विश्वासच ठेवत नाही आणि वळणाचे टोक कापून टाकते. आम्ही 4 जी, म्हणजे गुरुत्वाच्या चौपट प्रवेग, सहन करणारे ‘एअरबोर्न’ मॉडेल लावतो. बर्फावर विमानाचे सेटिंग पाहून नवे इंटर्न हसतात, पण जायंट स्लालमच्या कडक टर्नमध्ये बल 2 जीच्या वर जाते, त्यामुळे तेच बरोबर.

सेंटिमीटरची अचूकता हवी असेल तर दोन फ्रिक्वेन्सींचा रिसीव्हर घ्या, झेड-ई-डी-एफ-9-पी वर्गातला, आणि तसाच दुसरा उताराच्या कडेला ट्रायपॉडवर स्थिर ठेवा. दोघांचा कच्चा डेटा नोंदवून घरी आल्यावर एकत्र सोडवा. त्यासाठी आरटीकेलिब हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरते. रनच्या वेळी रेडिओ जोडणीची गरज नाही, त्यामुळे अर्धी डोकेदुखी वाचते. मग तोच रिसीव्हर हातात धरून प्रत्येक गेटच्या बुंध्याशी काही सेकंद उभे राहा, गेटची जागा नोंदवली गेली. संगणकावर त्या गेटमधून उताराला आडवी रेषा काढा आणि स्कीपटूची वाट तिला कुठल्या क्षणी छेदते ते दोन नोंदींमधून गणिताने काढा. सेकंदाला दहा नोंदी असतील तर दोन नोंदींमध्ये 1.8 मीटर अंतर पडते, पण वेग माहीत असल्याने मधला क्षण नीट बसतो. झाला प्रत्येक गेटला एक आभासी फोटोसेल. ल्युब्लियानाचे संशोधक मातेय सुपेय आणि हान्स-क्रिस्टर होल्मबर्ग यांनी अशा रीतीने वेळ मोजण्यावर 2011 मध्येच लिहिले आहे, त्यामुळे यात चमत्कार काही नाही, कष्ट आहेत. कोचने दुपारी कोर्स हलवला की सगळी गेटे पुन्हा मोजायची.

झाडी दाट असेल किंवा उतार अरुंद घळीत असेल तर मात्र हे गणित कोसळते. अँटेना हेल्मेटच्या वर लागला तरच आकाश नीट दिसते. पाठीवर लावला तर टक पोझिशनमध्ये (वाकून अंग चोरलेल्या स्थितीत) ठीक चालतो, टर्नमध्ये शरीर आत झुकले की अर्धे आकाश झाकले जाते.

मोशन सेन्सरकडून लोकांची अपेक्षा असते की प्रवेग दोनदा समाकलित केला की जागा मिळाली. कागदावर मिळते. समजा सेन्सरचा कल ओळखण्यात फक्त अर्ध्या अंशाची चूक झाली. गुरुत्वाकर्षणाचा छोटासा तुकडा, सुमारे 0.085 मीटर प्रति सेकंद वर्ग, खोटा प्रवेग म्हणून आत शिरतो. एका मिनिटात त्यातून दीडशे मीटरची चूक तयार होते. म्हणून एकट्या मोशन सेन्सरने वाट काढायचा नाद सोडा. त्याला जीपीएसशी काल्मन फिल्टरने (दोन्हींच्या चुका तोलून एकच अंदाज काढणाऱ्या गणिताने) बांधा, आणि रन संपल्यावर काम करत असल्याने फिल्टर पुढून आणि मागून असा दोन्ही बाजूंनी चालवा. रन सुरू होण्याआधी दहा सेकंद आणि संपल्यावर दहा सेकंद तिला स्तब्ध उभे राहायला सांगा. या दोन थांब्यांवर वेग शून्य असतो हे फिल्टरला सांगता येते, आणि एवढ्यानेही निकाल खूप सुधारतो.

पण मोशन सेन्सरची खरी कमाई जागेत नाहीच, ती टर्नच्या तालात आहे. कंबरेच्या मागे, माकडहाडाच्या वर, पण मणक्यापासून जरा हटून, सेन्सर बांधा आणि डावी-उजवीकडे झुकण्याचा कोनीय वेग पाहा. कच्चा आलेख केसाळ दिसतो, कारण बर्फाची थरथर त्यात आलेली असते. काही हर्ट्झच्या वरचे गाळून टाकले की एक सुबक लाट उरते, प्रत्येक टर्नला एक फुगवटा. स्कीच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाताना, म्हणजे झुकाव शून्यातून जाताना, हा कोनीय वेग सर्वांत जास्त असतो. ते टोक पकडले की टर्न कुठे संपला आणि पुढचा कुठे सुरू झाला ते कळते. जीपीएस लागत नाही, फक्त जायरो लागतो. टर्न मोजा, गेट मोजा, आकडे जुळले पाहिजेत. जुळले नाहीत तर सुरुवातीचे स्केटिंग किंवा मधली एखादी डगमग फिल्टरने टर्न म्हणून घेतली आहे.

एका टर्नमध्ये डोकावून बघू. दोन कडाबदलांमधली वेळ समजा 1.5 सेकंद. गेट त्यात कुठे येते? पुढे असलेल्या स्कीपटूचा दाब, म्हणजे एकूण प्रवेगाचा उंचवटा, गेटच्या आधी चढू लागतो आणि गेटपाशी शिखर गाठतो. मागे पडलेल्याचा उंचवटा गेट ओलांडल्यावर येतो, टोकदार असतो, आणि त्याच्यामागे दाते दिसतात. ते दाते म्हणजे घसरणाऱ्या स्कीची कुरकुर. कोच याला ‘लेट’ म्हणतात. तुम्ही ते सेकंदात दाखवू शकता: गेटआधी 0.6, गेटनंतर 0.9. पुढच्या आठवड्यात ते 0.7 आणि 0.8 झाले तर एकूण वेळ तीच राहिली तरी काहीतरी बदलले आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला एका दिवशी एवढा एकच आकडा दाखवा. अख्खा आलेख दाखवला की ती पुढच्या रनला पायांऐवजी डोक्याने स्की करते.

स्लालममध्ये, म्हणजे गेटे आणखी जवळजवळ असलेल्या शर्यतीत, लोक नडगीवरचा सेन्सर वापरून गेटचा टोला पकडायला जातात. कल्पना मोहक आहे. पण टोला कधी नडगीला बसतो, कधी हाताला, कधी बसतच नाही, आणि तिथे दोन गेटांमध्ये एखादाच सेकंद, किंबहुना थोडा कमी वेळ असतो. एक टोला चुकला की पुढची सगळी यादी सरकते. त्याहून पक्का उपाय चुंबकाचा: लोझान आणि साल्झबर्गच्या संशोधकांनी गेटच्या बुंध्याशी बर्फात चुंबक पुरून अंगावरच्या मॅग्नेटोमीटरने गेट ओलांडल्याचा क्षण टिपला आहे. तुमच्या नऊ अक्षांपैकी तीन त्याचेच आहेत, म्हणजे जादा खर्च फक्त चुंबकांचा. अडचण अशी की चुंबकाचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होते. अंतर दुप्पट झाले की संकेत एक अष्टमांश. स्कीपटू गेटला चिकटून गेली तर सुरेख टोक मिळते, लांबून गेली तर गोंगाटात हरवते. बाजारात तयार मिळणारी स्विस फ्रीलॅप प्रणालीही चुंबकीय क्षेत्राचीच आहे: कोर्सच्या कडेला प्रक्षेपक, अंगावर छोटी चिप. आठ-दहा मुलांचा क्लब असेल आणि कोडिंगची हौस नसेल तर मी तीच सुचवतो.

घड्याळांबद्दल दोन शब्द, कारण इलेक्ट्रॉनिक्सवाले इथे हमखास निष्काळजी असतात. साध्या क्वार्ट्झची चूक 20 पीपीएम (दहा लाखांत 20 भाग) धरली तर एका मिनिटात ती 1.2 मिलिसेकंद, सोडून द्या. पण सकाळी एकदा दोन सेन्सर जुळवून दिवसभर वापरले तर तासाला 72 मिलिसेकंद साचू शकतात, आणि थंडीत क्रिस्टल आणखी सरकतो. दर रनला जीपीएसच्या वेळेशी जुळवा. ब्लूटूथने फोनवर डेटा घेत असाल तर फोनला तो मिळाल्याची वेळ कधीही वापरू नका. डेटाची पाकिटे गठ्ठ्याने येतात. सेन्सरने स्वतः मारलेला वेळेचा शिक्का हवा. त्याहून बरे, एसडी कार्डावर नोंदवा आणि ब्लूटूथ बंद ठेवा.

आता ज्या भागासाठी मी हे उत्तर लिहायला घेतले तो. गेटागेटाची वेळ हाती आली की माणूस लगेच सर्वांत लाल रकाना शोधतो आणि म्हणतो, ‘इथे वेळ गेली.’ बहुतेकदा वेळ तिथे गेलेली नसते, तिथे ती फक्त दिसते. समजा दोन मुली आहेत. वरच्या तीव्र भागात पहिली सरळ वाट पकडते आणि 0.12 सेकंद कमावते. पण सरळ आल्यामुळे शेवटच्या दोन गेटांवर तिला स्की आडव्या फेकाव्या लागतात, आणि ती सेकंदाला 17.2 मीटर वेगाने बाहेर पडते. दुसरी गोल वाट घेऊन 18 मीटरने. पुढे 120 मीटर सपाटी आहे. वेग तसेच राहिले तर पहिलीला 6.98 सेकंद लागतात, दुसरीला 6.67. फरक 0.31. प्रत्यक्षात हवेचा विरोध जास्त वेगवानाला जास्त ओढतो आणि फरक थोडा मिटतो, पण निम्मा उरला तरी वरची कमाई धुऊन गेली. तक्ता काय म्हणेल? पहिली तीव्र भागात सरस, सपाटीवर कच्ची. कोच तिला सपाटीवर टक सुधारायला लावेल, स्कीच्या मेणाला दोष देईल. चूक मात्र सपाटीच्या आधीच्या दोन गेटांवर होती.

म्हणून प्रत्येक भागाच्या वेळेशेजारी त्या भागातून बाहेर पडतानाचा वेग छापा. या दोन रकान्यांशिवाय मी कुणालाही तक्ता देत नाही. आणखी एक पाऊल टाकायचे असेल तर ऊर्जा काढा: दर किलोग्रॅमला गुरुत्व गुणिले उंची, अधिक वेगाचा वर्ग भागिले दोन. स्कीपटू उतरताना ही बेरीज घटतच जाते, कारण बर्फ आणि हवा खात असतात. दर मीटर उतारामागे ती किती घटते याचा आलेख काढला की जिथे तो खोल बुडतो तिथे स्की घसरली असे बेधडक म्हणता येते. सुपेय यांनी 2008 मध्ये या मापाचा शर्यतीसाठी वापर मांडला. फक्त एक लक्षात ठेवा: कमी ऊर्जा घालवणारा नेहमी जिंकत नाही. अगदी गोल, गुळगुळीत वाट ऊर्जा वाचवते आणि वेळ घालवते. दोन्ही आलेख शेजारी ठेवूनच बोलायचे.

उंचीसाठी बॅरोमीटर वापरायचा मोह होईल. सांभाळून. ताशी 90 किलोमीटरला समोरच्या हवेचा दाब सुमारे 3 हेक्टोपास्कल होतो, आणि दोन हजार मीटरवर तो 30 मीटर उंचीच्या फरकाइतका आहे. सेन्सरचे भोक वाऱ्याच्या तोंडाला असेल तर वेग वाढला की तो म्हणेल, खाली गेलो, आणि वेग कमी झाला की वर आलो. तुमचे सगळे ऊर्जागणित त्यात बुडते. दोन फ्रिक्वेन्सींच्या रिसीव्हरची उंची घ्या, नाहीतर उताराचा एकदा काढलेला नकाशा.

फरक खरा आहे की योगायोग, हेही ठरवावे लागते. तीच मुलगी, तीच स्की, लागोपाठच्या दोन रन, तरी काही दशांशांचा फरक सहज पडतो. त्यात कोर्स उखडत जातो, ऊन चढते, गेटाखाली खळगे पडतात. सकाळच्या पहिल्या रनची दुपारच्या पाचवीशी तुलना म्हणजे बर्फाची तुलना. दोन स्की किंवा दोन वाटा पारखायच्या असतील तर अ-ब-ब-अ अशा क्रमाने रन घ्या, म्हणजे बिघडणारा बर्फ दोघांच्या वाट्याला सारखा येतो. शक्य असल्यास कोचलाही सेन्सर बांधून मध्ये-मध्ये उतरवा. त्याची वाट रोज तीच असते, म्हणून त्याच्या वेळेतला बदल हा बहुतांशी बर्फाचा.

थंडीने दोन गोष्टी बिघडतात. उणे 15 अंशांत लिथियम बॅटरी बरीच क्षमता गमावते, तेव्हा कागदावर चार तास लिहिले असतील तर दोन धरा. आणि जायरोचा शून्यबिंदू तापमानाबरोबर सरकतो. जॅकेटच्या खिशातून काढलेला ऊबदार सेन्सर लगेच रनला लावला तर पहिल्या मिनिटभर तो खोटे बोलतो. आम्ही तो स्टार्टजवळ बर्फावर पिशवीत ठेवून थंड होऊ देतो, मग बांधतो. बटण ग्लोव्ह घालून दाबता येईल एवढे मोठे हवे. टचस्क्रीन नको.

प्रत्यक्ष शर्यतीत काय लावता येईल ते त्या शर्यतीच्या ज्युरीला आधी विचारा, सरावात कुणाची हरकत नसते. वरच्या पातळीवर सेन्सर नवे राहिलेले नाहीत. प्योंगचांगला 2018 मध्ये वेळ मोजणाऱ्या ओमेगा कंपनीने स्कीपटूंवर मोशन सेन्सर लावून थेट वेग दाखवला, आणि वर्ल्ड कपच्या डाउनहिल व सुपर-जीमध्ये 2024-25 हंगामापासून जी एअरबॅग बंधनकारक केली तीही पडण्याचा क्षण जायरो आणि प्रवेगमापी अशा सेन्सरवरून ओळखते.

राहिले मनगटावरचे घड्याळ. दिवसभरात किती रन झाल्या, किती उंची उतरली, सर्वाधिक वेग साधारण किती, एवढ्यासाठी ठीक. गेटच्या वेळेसाठी नाही. बहुतेक घड्याळे सेकंदाला एकच जागा नोंदवतात, म्हणजे 18 मीटरला एक ठिपका, आणि त्या ठिपक्यांच्या मध्ये जवळजवळ अख्खे गेट निघून जाते. शिवाय जायंट स्लालममध्ये हात गेट बाजूला सारतो, पोल टेकवतो, तोल सावरतो. कंबरेला काय झाले ते मनगटाला कळत नाही.

तुमचा डबा तुम्ही थ्रीडी प्रिंट करणार असे म्हणालात. कडा गोल ठेवा, जाडी कमी ठेवा, आणि तो मणक्यावर थेट बांधू नका. बॅक प्रोटेक्टरच्या बाहेरच्या बाजूला, मध्यरेषेपासून जरा हटून, लवचिक पट्ट्याने घट्ट. सैल राहिला तर डब्याचे हलणे तुम्ही तिचे हलणे म्हणून वाचाल. हेल्मेटवर अँटेना लावाल तो दुहेरी टेप किंवा ओढ बसल्यावर सुटणाऱ्या वेल्क्रोने. हेल्मेटला स्क्रूसाठी भोक पाडायचे नाही, आणि वायर मानेभोवती न फिरवता मागून सरळ खाली आणून मधे ताणाने सुटेल असा कनेक्टर ठेवायचा.